परक्या आज्ञावलीचा बंदिवास : संगणकीय विलगीकरणाचा इतिहास आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक

प्रस्तावना

जुलै २०२१ मध्ये ओपनएआय या अमेरिकी संस्थेतील संशोधकांनी ‘कोडेक्स’ या भाषा-प्रारूपाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. साध्या भाषेतील वर्णन वाचून पायथन भाषेत आज्ञावली लिहिणे हे या प्रारूपाचे काम होते. त्याची परीक्षा घेण्यासाठी १६४ प्रश्नांचा एक संच तयार करण्यात आला व तो सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. या संचासोबत दिलेल्या परीक्षक-आज्ञावलीत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. प्रारूपाने लिहिलेले उत्तर प्रत्यक्ष चालवून पाहणारी जी कळीची ओळ, तीच कर्त्यांनी टिप्पणीचे चिन्ह लावून मुद्दाम निष्क्रिय केलेली आहे. वापरणाऱ्याने आधी धोक्याची सूचना वाचावी, सुरक्षित व्यवस्था उभारावी आणि मगच ती ओळ स्वतःच्या हाताने जागी करावी, असा त्यामागील हेतू. सार्वजनिक ठिकाणांहून घेतलेल्या आज्ञावलींचा उद्देश ठाऊक नसतो आणि यंत्राने रचलेल्या आज्ञावली पुष्कळदा चुकीच्या असतात. म्हणून त्या चालवणे जोखमीचे आहे, असे कारण मूळ निबंधात दिलेले आहे.

ज्याचा हेतू ठाऊक नाही अशा आज्ञावलीला आपल्या यंत्रावर जागा द्यावी, तिच्याकडून काम करून घ्यावे, परंतु तिने घराला धक्का लावू नये, ही अपेक्षा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात नव्याने जन्मलेली नाही. तिचे वय साठ वर्षांहून अधिक आहे. प्रस्तुत निबंधात या अपेक्षेचा इतिहास पाहावयाचा आहे. हा इतिहास सामान्यतः भिंतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली अमुक भिंत उभी राहिली, पुढे तिला भगदाड पडले, मग अधिक जाड भिंत आली. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. आरंभीच्या काळात अभ्यासकांपुढे दोन वेगळे प्रश्न होते. परकी आज्ञावली कोठडीतून निसटेल काय, हा पहिला. आणि कोठडीत राहूनच ती आतली माहिती बाहेर पोहोचवील काय, हा दुसरा. पुढील चार दशकांत अभियंत्यांचे बहुतेक परिश्रम पहिल्या प्रश्नावर खर्च झाले. दुसरा प्रश्न मागे पडला. संगणकीय साहाय्यकांनी तोच पुन्हा समोर आणून ठेवला आहे.

एक यंत्र, अनेक भाडेकरू

एका संगणकावर एका वेळी एकच काम चालत होते तोवर विलगीकरणाचा प्रश्नच नव्हता. १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो यांच्या गटाने कालविभागणीची प्रणाली दाखवली आणि एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी नांदू लागली. याच प्रणालीत १९६० च्या दशकात घडलेला एक प्रसंग कॉर्बातो यांनी पुढे सांगितला आहे. दोन प्रशासक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करीत होते. एक फाइल दिवसाच्या सूचनेची होती व दुसरी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची. संपादन करणारी आज्ञावली दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरीत असल्यामुळे मजकुरांची अदलाबदल झाली आणि प्रत्येक येणाऱ्यापुढे दिवसाच्या सूचनेऐवजी परवलीच्या शब्दांची यादी उमटू लागली. यात कोणी चोर नव्हता. दोघांनी नकळत एक जागा सामायिक वापरली, एवढेच घडले होते. विलगीकरणाच्या इतिहासातील बहुतेक दुर्घटनांचे मूळ याच प्रकारचे आहे.

१९६५ पासून आकाराला आलेल्या मल्टिक्स प्रकल्पाने संरक्षणाची वलये कल्पिली. जुन्या वाड्यात ओसरी, माजघर आणि देवघर अशी आत जाण्याची पायरी असते व प्रत्येकाला प्रत्येक उंबरा ओलांडण्याची मुभा नसते, तशीच काहीशी ही रचना होती. पुढे हनीवेल कंपनीच्या यंत्रात अशा आठ वलयांना यंत्ररचनेतच आधार मिळाला. आयबीएमने वेगळी वाट धरली. एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे उभी करून प्रत्येक वापरकर्त्याला आपला संगणक स्वतंत्र असल्याचा प्रत्यय द्यावयाचा, ही कल्पना १९६० च्या दशकातील प्रयोगांतून पुढे येऊन १९७२ मध्ये ‘व्हीएम/३७०’ या नावाने बाजारात आली. वलये आणि आभासी यंत्र या दोन कल्पनांच्या पलीकडे नंतरची पिढी फारशी गेली आहे, असे म्हणवत नाही.

त्याच वर्षी अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी एक अहवाल लिहिला. वाड्याच्या देवडीवर बसणाऱ्या पहारेकऱ्याची कल्पना त्यात नेमक्या शब्दांत मांडलेली आहे. प्रत्येक ये-जा पहारेकऱ्याच्या नजरेखालून झाली पाहिजे, पहारेकऱ्याला कोणी फितवू शकता कामा नये आणि तो इतका लहान असावा की त्याची पुरी तपासणी करता यावी, अशा तीन अटी अँडरसन यांनी घातल्या. यांपैकी तिसरी अट पुढे सर्वांत जास्त मोडली गेली.

लॅम्पसन यांचा प्रश्न

ऑक्टोबर १९७३ मध्ये बटलर लॅम्पसन यांनी ‘बंदिस्ततेच्या प्रश्नावरील टिपण’ प्रसिद्ध केले. अवघ्या काही पानांचे हे टिपण या विषयाचा पाया मानले जाते; आणि ते आज वाचताना त्याचा रोख कोठे आहे हे पाहण्यासारखे आहे. लॅम्पसन यांच्यापुढील परकी आज्ञावली यंत्र मोडणारी नाही. ती एक सेवा आहे. ग्राहक तिला आपली खाजगी माहिती देतो, ती मागितलेले काम चोख करते, परंतु ती माहिती गुपचूप आपल्या मालकाला कळवते. ती कोणत्या वाटांनी कळवील, याची लॅम्पसन यांनी केलेली गणना मोठी उद्बोधक आहे. ती स्वतःच्या स्मृतीत माहिती जपून ठेवील. मालकाच्या फाइलीत लिहील. तात्पुरती फाइल तयार करील व मालक ती पुसली जाण्यापूर्वी वाचून घेईल. संदेश पाठवील. हे सारे मार्ग बंद केले तर आपल्या सेवेचे जे बिल ती ग्राहकाच्या नावे पाठवते, त्याच्या आकड्यांतच ती माहिती दडवील. तेही रोखले तर एखादी फाइल कुलूपबंद-खुली करून खुणा करील, किंवा यंत्रावरील कामाचा भार कमीजास्त करून बाहेरून पाहणाऱ्याला इशारे देईल. जे मार्ग निरोपासाठी बांधलेलेच नाहीत, त्यांतून निरोप जाऊ शकतो. त्यांना प्रच्छन्न मार्ग हे नाव या टिपणाने दिले.

यावरचा सोपा उपाय लॅम्पसन यांना दिसत होता. बंदिस्त आज्ञावलीने दुसऱ्या कोणत्याही आज्ञावलीला हाक मारू नये, म्हणजे झाले. पण तसे केल्यास ती उपयोगाचीही राहत नाही, हेही त्यांनी नमूद केले. उपयोग हवा असेल तर दार ठेवावे लागते आणि दार ठेवले की त्यातून काय बाहेर जाते याचा हिशेब ठेवावा लागतो. १९७५ मध्ये जेरोम सॉल्टझर व मायकेल श्रोडर यांनी मांडलेले किमान अधिकाराचे तत्त्व या हिशेबाचेच एक अंग होय. प्रत्येक आज्ञावलीला तिच्या कामापुरताच अधिकार द्यावा, असे ते तत्त्व सांगते.

या काळातील आणखी एक नोंद येथे घेणे आवश्यक आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये लिहिलेल्या एका छोट्या लेखात त्याआधी सुमारे अकरा वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगितला आहे. कालविभागणीची सेवा पुरवणाऱ्या एका यंत्रावर एक कंपायलर होता. आपल्या वापराची आकडेवारी लिहिता यावी म्हणून त्याला एका राखीव फोल्डरमध्ये लिहिण्याचा विशेष अधिकार दिलेला होता. बिलांची फाइलही त्याच फोल्डरमध्ये होती. कंपायलर वापरणारा ग्राहक, तपासणीची माहिती कोणत्या फाइलीत लिहावी, हे नाव स्वतः सांगू शकत असे. एका ग्राहकाने बिलांच्या फाइलीचेच नाव सांगितले. ग्राहकाला स्वतःला त्या फाइलीला हात लावता आला नसता. परंतु कंपायलरने आपला अधिकार वापरून आज्ञा पाळली आणि बिलांची माहिती नष्ट झाली. हार्डी यांनी या कंपायलरला ‘गोंधळलेला कारभारी’ म्हटले. कारभारी प्रामाणिक होता. अधिकार एकाचा आणि सांगणे दुसऱ्याचे, यांतील भेद मात्र त्याला कळत नव्हता. या कारभाऱ्याची गाठ या निबंधात पुन्हा पडणार आहे.

युनिक्स आणि तुरुंगाची भाषा

मल्टिक्समधून बाहेर पडलेल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. तिने वलयांचा पसारा टाकून दिला आणि ‘रूट’ नावाचा एक सर्वाधिकारी वापरकर्ता ठेवला. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ ही सोय आली. एखाद्या प्रक्रियेला फाइलींच्या वृक्षाचे मूळ वेगळेच दाखवावयाचे, म्हणजे दिलेल्या फोल्डरच्या वर काही आहे हे तिला दिसतच नाही, एवढेच तिचे कार्य. ही सोय तुरुंग म्हणून बांधलेली नव्हती. रूटचा अधिकार असलेली प्रक्रिया तिच्यातून सहज बाहेर पडू शकते.

तरीही तिचा उपयोग तुरुंगासारखा होऊ लागला. जानेवारी १९९१ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या इंटरनेट-द्वारावर एका आगंतुकाने परवलीच्या शब्दांची फाइल मागितली. बिल चेसविक यांनी त्याला खोटी फाइल दिली आणि पुढे सीएचरूटच्या साहाय्याने एक बनावट यंत्र रचून त्यात त्याला अनेक महिने खेळवत ठेवले. या बनावट घराला चेसविक यांनी ‘जेल’ म्हटले. असे घर हुबेहूब उभारणे किती जिकिरीचे असते हेही त्यांच्याच कथनातून समजते.

इंटरनेटच्या प्रसाराबरोबर परक्या आज्ञावलीचे स्वरूप बदलले. आता माणूस यंत्रापर्यंत येत नव्हता. आज्ञावलीच माणसाच्या घरी येऊ लागली. १९९५ मध्ये आलेल्या जावा भाषेने वेबपानासोबत येणारी आज्ञावली वाळूच्या खेळपेटीत, म्हणजे सँडबॉक्समध्ये, चालवण्याचे वचन दिले. १९९६ मध्ये बर्कले येथील इयान गोल्डबर्ग, डेव्हिड वॅग्नर, रँडी थॉमस आणि एरिक ब्रुअर यांनी ‘जेनस’ ही प्रणाली मांडली. आज्ञावली जेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, काही मागते तेव्हा ती मागणी वाटेतच अडवून तपासावयाची, अशी तिची पद्धत होती. आजच्या अनेक साधनांची ही पूर्वज म्हणता येईल.

मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडीच्या चौथ्या आवृत्तीसोबत पॉल-हेनिंग कॅम्प यांनी रचलेली ‘जेल’ ही सोय आली. तिचा जन्म एका होस्टिंग व्यवसायाच्या गरजेतून झाला होता. एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची संकेतस्थळे ठेवावयाची आणि प्रत्येकाला रूटचा अधिकार द्यावयाचा, परंतु तो त्याच्या खोलीपुरताच. कॅम्प व रॉबर्ट वॉटसन यांच्या निबंधाचे शीर्षकच सर्वशक्तिमान रूटला बंदिस्त करण्याविषयी आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये सोलारिसच्या दहाव्या आवृत्तीत हीच दिशा ‘झोन्स’ या नावाने पुढे नेली.

त्याच वर्षी लिनक्समध्ये आलेली ‘सेककॉम्प’ ही सोय मात्र वेगळ्या कारणासाठी लक्षणीय ठरते. इटालियन अभियंता आंद्रेआ आर्कांजेली यांना लोकांच्या रिकाम्या बसलेल्या संगणकांची गणनशक्ती इंटरनेटवरून भाड्याने देण्याची व्यवस्था उभी करावयाची होती. म्हणजे अनोळखी माणसाची आज्ञावली आपल्या यंत्रावर, मोबदला घेऊन, चालवावयाची. त्यासाठी त्यांनी कठोर नियम केला. अशा आज्ञावलीने कर्नलकडे फक्त चार मागण्या कराव्यात : वाचणे, लिहिणे, संपणे आणि संकेत हाताळून परतणे. पाचवी मागणी केली की तिचा तत्काळ अंत. आर्कांजेली यांचा व्यवसाय फळला नाही. पण २०१२ मध्ये विल ड्रुरी यांनी या नियमाला लवचिक गाळणीचे रूप दिले आणि ती गाळणी पुढे ब्राउझरांत व कंटेनरांत सर्वत्र बसली. सामान्य लिनक्स कर्नलच्या तीनशेहून अधिक मागण्यांच्या तुलनेत चार हा आकडा पाहिला म्हणजे अँडरसन यांची तिसरी अट लिनक्सच्या इतिहासात कोठे पाळली गेली, हे ध्यानात येते.

कंटेनर : कोठडी की खोका ?

येथे एका रूढ समजाची चिकित्सा करणे भाग आहे. कंटेनर म्हणजे कोठडी, अशी धारणा व्यवहारात पक्की झालेली दिसते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. २००६ मध्ये गूगलमधील पॉल मेनाज व रोहित सेठ यांनी लिनक्समध्ये ज्या कामाला आरंभ केला, त्याचा हेतू प्रक्रियांच्या गटांना प्रोसेसर व स्मृती मापून देण्याचा होता. ‘कंट्रोल ग्रुप्स’ या नावाने हे काम जानेवारी २००८ च्या कर्नलमध्ये दाखल झाले. दुसरीकडे २००२ पासून ‘नेमस्पेस’ या नावाची सोय तुकड्यातुकड्यांनी येत होती. एखाद्या प्रक्रियेला फाइली, इतर प्रक्रिया व नेटवर्क यांचे वेगळे चित्र दाखवणे हे तिचे काम. खोलीतला रूट बाहेर सामान्य माणूस ठरावा, ही सोय पूर्णत्वाला पोहोचण्यास फेब्रुवारी २०१३ उजाडले. मापून देणे, वेगळे चित्र दाखवणे आणि मागण्या गाळणे या निरनिराळ्या हातांनी निरनिराळ्या हेतूंनी घडवलेल्या वस्तूंची मोट म्हणजे कंटेनर. लिनक्सच्या कर्नलमध्ये कंटेनर नावाची एकसंध वस्तू शोधू गेल्यास ती सापडत नाही.

मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतील पायकॉन परिषदेत पाच मिनिटांच्या छोटेखानी भाषणात डॉकर दाखवले. त्याचे यश सुरक्षिततेमुळे नव्हते. एका यंत्रावर चालणारी आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालत नाही, ही प्रत्येक अभियंत्याची डोकेदुखी डॉकरने दूर केली. आज्ञावली आणि तिचे सारे सामान एका खोक्यात बंद करून कोठेही नेता येऊ लागले. मालवाहू कंटेनरची उपमा यासाठीच. मालवाहू कंटेनर आतील माल नीट पोहोचावा म्हणून असतो. आतून कोणी भिंत फोडील, या शंकेने तो बांधलेला नसतो.

जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वेगळी असली तरी आड एकच असे. सर्व कंटेनरांचा आड म्हणजे यंत्राचा कर्नल. या आडाचे पाणी गढूळ झाल्याचे प्रसंग लवकरच घडू लागले. २०१६ मध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा कर्नलमधील दोष २००७ पासून तेथे होता. वाचण्यापुरत्या दिलेल्या फाइलीवर लिहिण्याची वाट त्याने खुली केली होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेला ‘रनसी’मधील दोष आणखी बोलका आहे. कंटेनर सुरू करून देणारी ही लहानशी आज्ञावली यजमान यंत्रावरची. ती कंटेनरमध्ये शिरण्याच्या क्षणी आतील दुष्ट प्रक्रिया तिच्याच मूळ फाइलीपर्यंत पोहोचून तिच्या जागी स्वतःचा मजकूर लिहू शकत असे. मग पुढच्या वेळी यजमान जो रनसी चालवी तो चोराचा असे. कुलूप लावायला आलेल्याच्या हातातूनच किल्ली जावी, तसा हा प्रकार. शेवटी रनसीने आपली स्वतःची एक बंद नक्कल करून तिच्यातूनच काम करावे, असा उपाय योजण्यात आला. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर व मेल्टडाउन या दोषांनी सामायिक प्रोसेसरही गळका असल्याचे दाखवले होते. कामाला लागणाऱ्या वेळातील सूक्ष्म फरक मोजून गुपित वाचता येते, हे त्यांचे सार. कामाच्या भारातून मिळणारे लॅम्पसन यांचे इशारे ४५ वर्षांनी अशा रीतीने प्रत्यक्षात आले.

उद्योगाने दिलेले उत्तर दुहेरी होते. गूगलने मे २०१८ मध्ये ‘जीव्हायझर’ खुला केला. कंटेनरच्या मागण्या खऱ्या कर्नलपर्यंत जाऊ न देता वापरकर्त्याच्या पातळीवर चालणारा एक दुय्यम कर्नल त्या हाताळतो. अशा मध्यस्थीने काही कामे मंदावतात, ही त्याची किंमत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनने ‘फायरक्रॅकर’ जाहीर केला. त्यात प्रत्येक कामासाठी एक चिमुकले आभासी यंत्र उभे राहते. सुमारे १२५ मिलिसेकंदांत ते सुरू होते आणि त्याच्या व्यवस्थेला ५ मेगाबाइटहून कमी स्मृती लागते. म्हणजे बिऱ्हाडागणिक स्वतंत्र आड. १९७२ ची आयबीएमची कल्पना, खर्च नगण्य झाल्यामुळे, पुन्हा परतली.

साहाय्यक आणि त्याचे दार

आरंभी उल्लेखिलेल्या २०२१ च्या निबंधाकडे आता परत येता येईल. कोडेक्सच्या कर्त्यांनी डॉकरसारखा कंटेनर पुरेसा मानला नाही. यजमान यंत्राच्या रक्षणासाठी त्यांनी जीव्हायझर निवडला आणि प्रयोगाच्या नियंत्रणाला लागेल तेवढे वगळता नेटवर्कची ये-जा बंद केली. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीसाठी जाहीर झालेला व जुलैपासून वर्गणीदारांना मिळू लागलेला ‘कोड इंटरप्रिटर’ याच वळणाचा होता. पायथनची आज्ञावली बंदिस्त जागेत चालावी, संभाषणापुरती थोडी जागा तिला मिळावी, इंटरनेट मिळू नये. ही व्यवस्था लॅम्पसन यांच्या पूर्ण बंदिस्ततेच्या जवळ जाणारी होती. तिची मर्यादाही तीच होती. जो साहाय्यक पत्र वाचू शकत नाही, संकेतस्थळ पाहू शकत नाही, प्रकल्पाच्या फाइली उघडू शकत नाही, त्याच्याकडून मोठे काम होत नाही. पुढील दोन वर्षांत ही सर्व दारे एकेक करून उघडली गेली.

दार उघडताच गोंधळलेला कारभारी आत आला. भाषा-प्रारूपाला मालकाची सूचना आणि वाचावयास दिलेला मजकूर हे दोन्ही शब्दांच्याच रूपाने मिळतात. त्या दोहोंत पक्की सीमारेषा नसते. कोणी मजकुरातच आज्ञा पेरून ठेवली तर साहाय्यक ती मालकाची समजून पाळू शकतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सायमन विलिसन यांनी या प्रकाराला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. २०२३ मध्ये काही सुरक्षा-संशोधकांनी दाखवलेला प्रयोग विशेष बोलका आहे. साहाय्यकाला एक पान वाचायला सांगितले जाते. त्या पानात दडवलेल्या आज्ञेनुसार तो एका चित्राचा पत्ता तयार करतो आणि वापरकर्त्याची खाजगी माहिती त्या पत्त्याच्या शेपटात गुंफतो. चित्र दाखवण्यासाठी ब्राउझर त्या पत्त्यावर जातो व माहिती परक्याच्या सर्व्हरवर पोहोचते. कोणतीही भिंत फुटलेली नाही. कर्नल शाबूत, कंटेनर शाबूत. चित्राचा पत्ता येथे लॅम्पसन यांच्या बिलाचे काम करतो.

यापेक्षा वेगळा आणि या इतिहासात आजवर न आढळलेला प्रसंग ओपनएआयने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या ‘ओ-वन’ प्रारूपाविषयीच्या अहवालात स्वतःच नोंदवला आहे. प्रारूपाची सुरक्षा-भेदनाची क्षमता तपासण्यासाठी त्याला एक कोडे देण्यात आले होते. दुसऱ्या एका कंटेनरमधील आज्ञावलीतला दोष शोधून तेथील गुप्त शब्द आणावयाचा होता. चाचणीच्या व्यवस्थेतच बिघाड असल्यामुळे तो कंटेनर सुरूच झाला नाही. प्रारूपाने नेटवर्क चाचपले. तेव्हा यजमान आभासी यंत्रावरील डॉकरचे नियंत्रण-दार चुकीच्या मांडणीमुळे उघडे असल्याचे त्याला आढळले. त्या दाराने त्याने चालू कंटेनरांची यादी मिळवली, बंद पडलेला कंटेनर ओळखला, तो का सुरू होत नाही याचा थोडा तपास केला आणि ते जमेना तेव्हा त्याच कंटेनरची नवी प्रत अशा आज्ञेने सुरू केली की ती सुरू होताच गुप्त शब्दाची फाइल छापील. नोंदवहीतून तो शब्द त्याने वाचून घेतला.

या प्रसंगाचे वर्णन ‘यंत्राचे पलायन’ असे करण्याचा मोह पुष्कळांना झाला. तो आवरला पाहिजे. प्रारूप यजमान आभासी यंत्राच्या बाहेर गेले नाही आणि त्याने नवा दोषही शोधला नाही. नकळत उघडे राहिलेले दार त्याला सापडले, इतकेच. पण तितकेच महत्त्वाचे असे की चेसविक यांच्या आगंतुकाला, किंवा रनसीचा दोष वापरणाऱ्या चोराला, आत शिरण्यापूर्वी हेतू होता. येथे हेतू नेमून दिलेल्या कामातूनच उत्पन्न झाला. दिलेले काम पुरे करण्याच्या वाटेवर भिंत आली आणि साहाय्यकाने शेजारचे दार ढकलून पाहिले. परकी आज्ञावली बाहेरून आलेली असते, या १९६० पासूनच्या गृहीतकाला येथे प्रथमच तडा गेलेला दिसतो. भिंत बांधणाऱ्याने आता चोराबरोबर आपल्या कामसू नोकराचाही विचार करावयाचा आहे.

दरम्यान एक जुना उपाय लोकप्रिय होता : प्रत्येक पावलावर माणसाची परवानगी घ्यावी. तो कागदावर निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात दिवसाला शेकडो वेळा ‘होय’ म्हणणारा माणूस काही काळाने न वाचताच ‘होय’ म्हणू लागतो. सरकारी कचेरीत फाइलींच्या ढिगावर न पाहता सही करणाऱ्या अधिकाऱ्याचे चित्र मराठी वाचकाला नवे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘क्लॉड कोड’ या साहाय्यकाला वापरकर्त्याच्या संगणकावरच बंदिस्त चालवण्याची सोय दिली, तेव्हा आपल्या अंतर्गत वापरात अशा परवानग्यांची मागणी ८४ टक्क्यांनी घटल्याचे तिने म्हटले. या सोयीत लिनक्सवर ‘बबलरॅप’ आणि मॅकवर ॲपलचे जुने ‘सीटबेल्ट’ वापरलेले आहे. म्हणजे सामग्री परिचितच आहे. लक्षणीय गोष्ट ही की फाइलींची बंदी आणि नेटवर्कची बंदी या दोन्ही एकत्रच हव्यात, असे कर्त्यांनी आग्रहाने मांडले. नेटवर्क मोकळे राहिले तर साहाय्यक वापरकर्त्याच्या किल्ल्या बाहेर पाठवू शकतो. फाइली मोकळ्या राहिल्या तर तो आतून कोठडीच मोडून नेटवर्क गाठू शकतो. निसटणे आणि गळती हे १९७० च्या दशकात वेगळे झालेले दोन प्रश्न अशा रीतीने एकाच आराखड्यात पुन्हा भेटले.

या आराखड्यात बाहेर जाणारी प्रत्येक मागणी एका मध्यस्थाकडून जाते आणि मध्यस्थाजवळ परवानगी असलेल्या पत्त्यांची यादी असते. ही यादी कोणी व किती मोठी करावी, हा आजचा खरा वादविषय आहे. आज्ञावलीचे सामान उतरवून घेण्यासाठी दोन-चार पत्ते द्यावेच लागतात. परंतु जेथून उतरवता येते तेथे पुष्कळदा चढवताही येते. २०२५ मध्येच सुरक्षा-संशोधकांनी दाखवून दिले की यादीतल्या एका विश्वासू पत्त्यावरच, मात्र हल्लेखोराच्या खात्याची किल्ली वापरून, साहाय्यकाकरवी फाइल चढवता येते. मध्यस्थाने पत्ता तपासला होता आणि तो यादीत होता. खाते कोणाचे, हे विचारण्याची सोय त्याच्या नियमांत नव्हती.